एवढा घाणा निघू दे

संयोगितावहिनींना रिकाम्या हातांनी बसलेले आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत कुणी पाहिलेले नव्हते. सकाळी अंगणवाडीत मदतनीस म्हणून त्यांचे काम सुरू होई. घरोघरी जाऊन पोरे गोळा करायची, सतरंज्या अंथरायच्या, खिचडीवर लक्ष ठेवायचे, वाहती नाके पुसायची. दुपारी पोरे पोचवून आल्या की घरचे काम. घरात सासू बायडाबाई, उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर काम करणारे पती सयाजीराव आणि नववीतली मुलगी भैरवी. चौघांच्या घरात कामे असून असून किती असणार? पण वहिनींची कामे संपत नसत, कारण एक संपले की त्या दुसरे शोधून काढीत. उजळलेली तांब्याची भांडी पुन्हा चिंचेने घाशीत. फडताळातले डबे खाली घेऊन तळाचा कागद बदलीत. हे सारे करताना भिंतीतल्या एका कोनाड्याकडे त्यांची पाठ असे. त्या कोनाड्यात बारावीची पुस्तके होती.

वहिनी शाहूवाडी तालुक्यातल्या, डोंगराच्या कडेच्या गावच्या. दहावी झाली आणि पुढचे कॉलेज एसटीच्या भरवशावर अवलंबून होते, म्हणून लग्न झाले. कोल्हापुरात येऊन, मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर, त्यांनी बारावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा अर्ज भरला होता. हॉलतिकीटही आले होते. इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी सकाळी वहिनी घरातल्या सगळ्या गोधड्या डोक्यावर घेऊन पंचगंगेवर धुवायला गेल्या आणि दुपार टळून गेल्यावर परत आल्या. कुणी काही विचारले नाही. पुढे पुन्हा एकदा अर्ज भरला, तेव्हा हॉलतिकीट आणायलाही कुणी गेले नाही.

गल्लीची समजूत अशी की बिचारीला वेळच मिळत नाही. वहिनी स्वतःही तसेच म्हणत. ‘‘येळ कुठाय, भावजी?’’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले होते की त्यातला प्रश्न हरवून गेला होता. मी त्यांच्या समोरच्या माडीवर राहतो. माझ्या खिडकीतून त्यांचे दार दिसते. वेळ त्यांच्याजवळ होता. दुपारी भैरवी शाळेत आणि बायडाबाई आडव्या झालेल्या असत, तेव्हा ते घर पाण्यासारखे स्थिर असे. त्याच वेळी वहिनी उंबऱ्यावर उभ्या राहून काय धुता येईल ते पाहत असत.

गेल्या वर्षी मात्र गोष्ट वेगळी झाली. अंगणवाडीच्या सेविका श्यामलाबाई पुढच्या एप्रिलअखेर निवृत्त होणार होत्या. त्या शिक्षकांच्या घराण्यातल्या, मोजके बोलणाऱ्या. जूनमधल्या एका दुपारी पोरे गेल्यावर त्यांनी वहिनींना समोर बसवून सांगितले.

‘‘हे बघ, संयोगिता. पोरं माझ्याकडे येत नाहीत, तुझ्याकडे येतात, हे मला ठाऊक आहे. पण सेविका व्हायला आता बारावी लागते. तू पास झालीस तर जागा तुझी. पर्यवेक्षिका म्हणाल्या, निकाल लागेपर्यंत जागा भरणार नाही. त्यानंतर मात्र बाहेरची बाई येईल.’’

‘‘येऊ दे की, बाई. मला काय तरास?’’

‘‘काही नाही. तू सतरंज्या झाडायच्या आणि तिनं तुला सांगायचं, नीट झाड.’’

वहिनी हसल्या. पण त्या दिवशी घरी येऊन त्यांनी तिसऱ्यांदा अर्ज भरायला घेतला, आणि तो भरताना त्यांची लेखणी कुठेही अडखळली नाही.

पुस्तके आली. त्यांना खाकी कव्हरे घातली गेली. भैरवीने रंगीत पेनांनी वेळापत्रक करून कोनाड्याशेजारी चिकटवले. मग गौरी-गणपती आले. ‘‘एवढं झालं की बसतो,’’ वहिनी म्हणाल्या. (आमच्याकडच्या बायका स्वतःविषयी ‘बसते’ म्हणत नाहीत.) पाठोपाठ नवरात्र, घट बसायच्या आधी घरातले चिंधूकसुद्धा धुऊन निघाले पाहिजे. मग दिवाळी. दिवाळीनंतर बायडाबाईंचा गुडघा दुखू लागला. तो बरा झाला तेव्हा वहिनींना भिंती रंगवायची आठवण झाली. वेळापत्रक चिकटवलेली भिंतही रंगवायची ठरली, म्हणून ते काढून ठेवले, आणि ते पुन्हा लागले नाही.

त्या अजिबात बसल्या नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही. मी खिडकीतून पाहत असे. वहिनी पुस्तक उघडून भिंतीला टेकून बसत. डोळे ओळीवरून फिरत. पान उलटत, पुन्हा मागे येत. मग एकाएकी मान वर होई, जणू गॅसवर काहीतरी ठेवले आहे. त्या उठत. गॅसवर काही नसे. पण उठल्यावर हाताला केरसुणी लागे, आणि पुस्तक दिवसभर पालथे पडून राही.

त्यामागचे कारण मला नंतर कळले. वहिनींनीच एकदा सहज बोलताना सांगितले. त्यांच्या गावच्या शाळेत गुरुजी सगळ्या वर्गाकडून मोठ्याने वाचून घेत. धडा असो वा पाढा, सारे सुरात, खोलीच्या पत्र्याला हादरे बसतील असे. माझ्या गावची शाळाही तशीच होती. दुपारच्या वेळी ती ओढ्यापलीकडे ऐकू येई. वहिनींना जे काही येत होते ते कानांनी आलेले होते. पहिल्यांदा अर्ज भरला त्या वर्षी त्या घरात तसेच वाचायला बसल्या, तर लहानगी भैरवी खिदळत म्हणाली, ‘‘मम्मी, तू पयलीतल्या पोरीगत वाचतीस!’’ बायडाबाईही हसल्या. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. पण त्या दिवसापासून वहिनी मनात वाचू लागल्या, आणि मनात वाचलेले त्यांच्या मनात राहीना. वाचले आणि राहिले नाही, की आपल्याला येणारच नाही असे वाटे. तसे वाटू लागले की हाताला काम हवे असे. चिंच, राख, केरसुणी, काहीही.

जानेवारीत परीक्षा तोंडावर आली आणि त्याच सुमारास बाजारात नवी मिरची आली.

वहिनींच्या हातची चटणी आमच्या गल्लीत नावाजलेली. कांदा-लसणाची वर्षभराची चटणी करायची तर मिरच्या उन्हात घालण्यापासून खोबरे भाजण्यापर्यंत वहिनींना विचारल्याशिवाय कुणाचे पान हलत नसे. एरवी ही धांदल मार्चनंतर सुरू होते. त्या वर्षी वहिनींनीच ती लवकर सुरू केली. ‘‘उन्हाळ्यात डंकावर रांगा लागत्यात. आताच करून टाकू या,’’ म्हणून स्वतःची मिरची आणली, नणंदेची आणली, शेजारच्या दोन घरांची मागून घेतली. अंगणात ब्याडगी आणि संकेश्वरीचे लाल ढीग पडले. वहिनी दिवसभर देठ खुडत होत्या.

सयाजीराव कामावरून आले, ढिगांकडे पाहिले, कोनाड्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘पेपर कवापासनं हाय?’’

‘‘हाय की. एवढं झालं की बसतो.’’

‘‘औंदा गोधड्या कुठं लपवू, तेवढं सांगून ठेव.’’

वहिनींचे हात थांबले. पण दुसऱ्या दिवशी मिरच्यांचा डबा घेऊन डंकाकडे निघताना त्यांनी कोनाड्यातले इतिहासाचे पुस्तक काढून पिशवीत टाकले. वाचायचा विचार नव्हता. पुस्तक बरोबर आहे, एवढाच आधार.

डंक म्हणजे मिरची कांडायचे यंत्र. आमच्या भागातला डंक झुंबरबाईंचा. पत्र्याच्या खोलीत लोखंडी मुसळे एका ओळीत उभी. मोटार चालू झाली की ती आळीपाळीने उचलली जातात आणि उखळात आदळतात. त्या आवाजात शेजारचा माणूस ओरडला तरी कळत नाही. एका वेळी उखळात पडते तेवढ्या मिरचीला घाणा म्हणतात. नियम एकच: आपला घाणा निघेपर्यंत बाईने तिथून हलायचे नाही. कारण बाई हलली, तर तिची मिरची दुसरीच्या डब्यात जाते आणि वर्षभर दोन घरांत भांडण राहते.

त्या दिवशी वहिनींच्या पुढे बरेच डबे होते. वहिनी भिंतीकडेच्या बाकावर बसल्या. देठ खुडून झालेले. मसाला भाजून झालेला. झाडायला अंगण नाही, घासायला भांडे नाही. उठून जायची सोय नाही. हात मांडीवर तसेच पडून होते, आणि ते तसे पडलेले त्यांना पाहवेनात. त्यांनी पाय हलवले, पदर नीट केला, पुन्हा नीट केला. शेवटी पुस्तक काढले.

पहिली ओळ डोळ्यांखालून गेली आणि नेहमीसारखी निघून गेली. वहिनींनी मान वर केली. सगळीकडे मुसळांचा धडधडाट. समोरची बाई तोंड उघडून शिंकली. शिंक दिसली, ऐकू आली नाही. वहिनींनी पुन्हा पुस्तकात पाहिले आणि ती ओळ तोंडाने म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांच्या स्वतःच्या कानापर्यंत जेमतेम पोचला. मग थोडा चढवला. मग आणखी. काही वेळाने त्या गावच्या शाळेतल्या सुरात, खणखणीत, पोर्तुगीज कसे आले, डच कसे आले, इंग्रज कसे आले हे वाचत होत्या, आणि खोलीतल्या कुणाही बाईला त्याचा पत्ता नव्हता.

झुंबरबाईंना मात्र ओठ दिसले. घाणा काढायला मोटार बंद झाली तशी त्या म्हणाल्या, ‘‘कुठल्या देवाचं म्हणालीस गं, संयोगे?’’

‘‘देवाचं न्हवं, इतिहास हाय.’’

‘‘आगं, मग मघापासनं तुझा नंबर आलाय की! इतिहास कांडायचाय का मिरची?’’

सगळ्या हसल्या. वहिनीही हसल्या, आणि परत येताना रस्त्यात त्यांच्या ध्यानात आले की धडा आठवतो आहे. अगदी क्रमाने.

त्या दिवसापासून वहिनी दुपारी डंकावर दिसू लागल्या. आधी नणंदेची मिरची, मग शेजारच्यांची. ती संपल्यावर त्या इतरांचे डबे घेऊन येऊ लागल्या. झुंबरबाई म्हणाल्या, ‘‘सगळ्या पेठंची चटणी तूच करतीस व्हय? निवडणुकीला हुभी हाईस काय?’’ मग एके दिवशी वहिनी नुसत्याच आल्या, हातात फक्त पिशवी. झुंबरबाईंनी पिशवीत डोकावून पाहिले आणि बाकावरची मिरचीची धूळ स्वतःच्या पदराने झटकली. ‘‘बस. पर ठसका लागला तर मला सांगू नगंस.’’

वहिनींचे डोळे सदा लाल असत. पुस्तकांच्या पानांना मिरचीचा वास येऊ लागला. भैरवीने एकदा राज्यशास्त्राचे पान उलटले आणि दिवसभर डोळा चोळत बसली. पण अस्वस्थता गेली म्हणावे तर तसेही नव्हते. घरी आल्या की वहिनी पूर्वीइतक्याच धावपळ करीत. कोनाडा आता रिकामा होता, तरी त्याच्याकडे पाठ करून उभे राहायची सवय गेलेली नव्हती. आणि इंग्रजीचे पुस्तक अजून पिशवीतून बाहेर निघायचे होते.

परीक्षेला आठवडाभर उरला असताना डंकाची मोटार जळाली.

वहिनी दुपारी गेल्या तर खोलीला कुलूप. मोटार वायंडिंगला उद्यमनगरात गेली होती. त्या तशाच परत आल्या. घर स्थिर होते. बायडाबाई लसूण सोलत बसल्या होत्या. वहिनी आत गेल्या, बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या. तांब्याचा हंडा उचलला, मोरीत नेला, चिंच शोधली.

सयाजीराव त्या दिवशी लवकर घरी आलेले. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘अभ्यासाला मोटार लागती व्हय तुला? मग मोटारसायकल चालू करून ठेवतो की दारात.’’

‘‘चेष्टा सुचतीया तुमास्नी. पेपर आलाय अंगावर.’’

‘‘मी वायंडिंगवाल्याला सांगून बघतो. पर आठवडा तरी घेणारच त्यो.’’ मग जरा थांबून, खालच्या आवाजात ते म्हणाले, ‘‘आगं, वाच की मोठ्यानं. कोण काय म्हणतंय?’’

हंडा मोरीत तसाच होता. वहिनींच्या हातातली चिंच भिजून मऊ झाली होती. त्या बराच वेळ मोरीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. मी खिडकीत होतो. त्यांची पाठ मला दिसत होती, आणि ती पाठ आता हंड्यासमोर वाकणार याची मला खात्री होती. पाठ वाकली नाही. वहिनींनी चिंच टाकली, हात पुसले, बाहेरच्या सोप्यात येऊन बायडाबाईंसमोर मांडी घातली आणि पुस्तक उघडले.

पहिल्या वाक्याला आवाज जेमतेम निघाला. दुसऱ्या वाक्याला तो सुटला.

बायडाबाईंनी लसूण खाली ठेवला. ‘‘शाळा भरली व्हय घरात?’’

‘‘व्हय, आत्ती,’’ एवढे म्हणून वहिनी पुढे वाचू लागल्या. इंग्रज वखारी घालतात तिथपर्यंत आल्या, आणि बायडाबाई मधेच म्हणाल्या, ‘‘म्हंजी आलती व्यापाराला आन् बसली मांडी घालून. पावणं म्हणून वसरीवर घेतलं की असंच हुतंय. मग ह्येंनी काय केलं?’’

‘‘कुणी?’’

‘‘आपल्या लोकांनी गं! का नुसतं बघत बसली?’’

वहिनींना ते सांगावे लागले, आणि सांगता सांगता ते पुस्तकाकडे न पाहता सांगता आले.

भैरवी शाळेतून आली ती उंबऱ्यातच थांबली. आईचा तो सूर तिने लहानपणी एकदाच ऐकला होता. तिला हसू आले. ते तिने दाबले नाही आणि वहिनींनी ते पाहिलेही. वाचन क्षणभर थांबले. बायडाबाई नातीला म्हणाल्या, ‘‘दात काढू नगंस, ऐकाय यायना मला.’’ पण त्याआधीच पुढचे वाक्य सुरू झाले होते. इंग्रजीच्या पुस्तकाची पाळी आली तेव्हा वहिनी स्वतःच भैरवीला म्हणाल्या, ‘‘तू वाच, मी तुझ्या मागनं म्हणतो. हसायचं तेवढं आधी हसून घे.’’ त्या आठवड्यात गल्लीतून जाणारा माणूस वहिनींच्या दाराशी पाऊल रेंगाळवीत असे. मायलेकी एका सुरात इंग्रजी कविता म्हणत आहेत आणि मधूनमधून बायडाबाई ‘‘ह्येचा अर्थ काय?’’ म्हणून दरडावत आहेत, असा तो प्रकार होता.

पहिला पेपर इंग्रजीचाच. त्या सकाळी मी दाढी करीत होतो, पण लक्ष समोरच्या दाराकडे होते. सयाजीरावांनी मोटारसायकल बाहेर काढली होती. वहिनी तयार होऊन बाहेर आल्या, दारात थांबल्या आणि वळून आत पाहिले. मोरीत नाश्त्याची भांडी पडली होती.

‘‘एवढं...’’ त्या म्हणाल्या.

सयाजीरावांनी गाडीचा आवाज वाढवला आणि तसाच धरून ठेवला. सगळी गल्ली दणाणून गेली. बायडाबाई आतून ओरडत होत्या, बहुधा ‘‘जा की गं’’ म्हणून; पण ऐकू काहीच येत नव्हते. वहिनींचे ओठ हलताना दिसले. इंग्रजीतले काही असावे. मग त्यांनी पदर खोचला आणि गाडीवर बसल्या. मोरीतली भांडी दुपारपर्यंत तशीच होती. त्यांवर माशा बसल्या होत्या, हे बायडाबाईंनी नंतर सगळ्या गल्लीला कौतुकाने सांगितले.

एप्रिलअखेर श्यामलाबाई निवृत्त झाल्या. पर्यवेक्षिकेने शब्द पाळला. जागा रिकामी ठेवली. कोण येणार याची चर्चा गल्लीत सुरू झाली, तशी वहिनींना पुन्हा पाय टेकवेना. त्यांनी माळा उतरवला, ट्रंका उन्हात घातल्या, गोधड्या धुतल्या.

निकालाच्या दिवशी दुपारी त्या डंकावर होत्या. मोटार कधीच दुरुस्त होऊन आलेली, चटणीचा हंगाम भरात. माझीही थोडी मिरची होती, म्हणून मी दारात उभा होतो. ती वहिनींनीच भाजून आणली होती आणि उखळाशी त्याच उभ्या होत्या. भैरवी मोबाइल घेऊन धावत आली.

‘‘मम्मी, निकाल लागला! बघू?’’

मुसळे आदळत होती. वहिनींनी हातानेच खूण केली: थांब. मग ओरडून म्हणाल्या, ‘‘एवढा घाणा निघू दे, मग बघतो!’’

भैरवी थांबली नाही. तिने मोबाइलवर बोटे फिरवली, डोळे बारीक करून वाचले आणि तोंड उघडून काहीतरी ओरडली. काही ऐकू आले नाही. ती पुन्हा ओरडली. वहिनी तिच्या ओठांकडे पाहत होत्या आणि त्यांचा चेहरा कोरा होता. हात डब्याच्या काठावर घट्ट बसले होते.

घाणा अर्धवट असताना मोटार बंद झाली. झुंबरबाईंच्या डंकावर असे कधी होत नाही. त्या बटणापाशी उभ्या होत्या. मुसळे हवेतल्या हवेत थबकली. त्या अचानक पडलेल्या शांततेत भैरवीचा आवाज नको इतका मोठा झाला:

‘‘...पास! सगळ्यात पास! इंग्रजीत पण!’’

वहिनी डब्याचा काठ सोडून बाकावर जाऊन बसल्या. हात मांडीवर, तळवे वर, मिरचीने लाल झालेले. त्यांनी त्या हातांना कुठल्याही कामाला लावले नाही.

‘‘बस, बस घटकाभर,’’ झुंबरबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. ‘‘पावणं, तुमची चटणी जरा जाडी निघंल औंदा. सेविकाबाईंला बोल लावायचा, मला न्हाय.’’